कोल्ह्यांची लस

पिन कोंबडीच्या कातडीतून गेली, कातडीखालच्या पाकिटातून गेली आणि ल्युदिविनच्या डाव्या अंगठ्यात रुतली.

ती ओरडली नाही. कोंबडीचं डोकं टेबलावर ठेवून तिने पिन उपसली आणि अंगठा खिडकीच्या उजेडात धरला. पेरावर दोन बारीक भोकं पडली होती. त्यांवर आधी एक गुलाबीसर थेंब जमला. तो रक्ताचा नव्हता. रक्त मागाहून आलं, हळूच त्या थेंबात शिरलं, आणि मग त्यातलं रक्त कुठलं नि ते दुसरं कुठलं ते सांगता येईना.

"लागलं का गं, वहिनी?" शेजारच्या स्टुलावरून तिच्या नणंदेने, एदमेने विचारलं.

"पाकीट फुटलं."

टेबलाभोवतीच्या पाचही जणींचे हात थांबले.

ही जर्दाळूंच्या सहकारी गोदामातली थंड खोली. ऑक्टोबरात जर्दाळू कधीच संपलेले होते, पण पेट्यांच्या लाकडाला त्यांचा वास होता, आणि त्या गोड वासात तीन आठवडे कोंबड्यांची गोठवलेली डोकी वितळत होती. चार हजार डोकी. प्रत्येकाची कातडी मानेकडून बोटाने सोडवायची, टपालाच्या तिकिटाहून जरा मोठं चपटं पाकीट टाळूवर सरकवायचं आणि वरून स्टेपलरने पिन मारायची. गावात कोंबड्या कापून विकणारं दुकान ल्युदिविनचं एकटीचं, म्हणून कातडी कुठे सुटी होते ते बाकीच्यांना तिनेच शिकवलं होतं. पाकिटात कोल्ह्यांसाठी लस होती. कोल्ह्याला धरून सुई टोचायला कोण जाणार? पण कोंबडीचं डोकं तो सोडणार नाही. चावेल, पाकीट फुटेल, लस तोंडात पसरेल, आणि पिसाळण्याचा रोग त्याला शिवणार नाही. निदान असं डॉक्टर रेगुला आम्ब्यूल म्हणत होती. आठ वर्षांपूर्वी तो रोग उत्तरेकडून कोल्ह्यांबरोबर दरीत आला होता. शिकाऱ्यांनी कोल्हे मारले, बिळांत धूर सोडला. पुढच्या वर्षी कोल्हे तेवढेच आणि पिसाळलेलेही तेवढेच.

डॉक्टर शेजारच्या खोलीत नकाशे पसरून बसली होती. एदमेने हाक मारली तशी धावत आली. चौतिशीची, उंच, जर्मन बोलणाऱ्या भागातून आलेली. इथली भाषा ती एकेक शब्द जोखून बोलायची आणि बायका पाठीमागे तिची नक्कल करायच्या. आज कुणाला नक्कल सुचली नाही.

"नळाखाली," ती म्हणाली. "साबण लावून. पंधरा मिनिटं."

तिने मनगटावरचं घड्याळ सोडून नळाशेजारी ठेवलं. पाणी डोंगरावरून थेट येणारं, बर्फासारखं गार. ल्युदिविन अंगठा चोळत राहिली.

"हातमोजे कुठे आहेत?"

ल्युदिविनने टेबलाच्या टोकाकडे पाहिलं. सहा जोड तिथे पडले होते, वर धूळ.

"पाकिटं निसटतात हो त्यांनी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच काढून ठेवले आम्ही."

"आणि चोचीने फाटतात," एदमे म्हणाली. "चांगले द्यायचे होतेत."

डॉक्टरने त्या जोडांकडे पाहिलं. एक उचलून त्यावरची धूळ झटकली.

"याने माणूस मरतो का?" ल्युदिविनने विचारलं. पाण्याच्या आवाजात तिला स्वतःचा आवाज परका वाटला.

"मरू नये."

"मरू नये म्हणजे?"

"आत रोगाचाच विषाणू आहे. जिवंत, पण दुबळा केलेला. कोल्ह्यांना दिला, कुत्र्यांना दिला, मांजरांना, शेळ्यांना. सगळे ठणठणीत राहिले." डॉक्टर थांबली. "उंदरांतले काही मेले."

"आणि माणसं?"

"माणसाला अजून कुणी दिलेला नाही."

"तू उंदीर नाहीस, वहिनी, एवढं तर नक्की," एदमे म्हणाली. कुणी हसलं नाही. एदमेही नाही.

पंधरा मिनिटं झाल्यावर डॉक्टरने आधी तिचं रक्त काढून घेतलं. आज रक्तात काय आहे ते ठाऊक असलं तर पुढे काय बदललं ते कळेल, असं ती म्हणाली. मग जखमेभोवती एक इंजेक्शन, दंडात एक. माणसांची ही लस नवी होती, तिच्या बॅगेत, रानात काम करणाऱ्या पथकासाठी ठेवलेली. तीन महिन्यांत सहा वेळा घ्यायची.

"तुम्ही स्वतः घेतलीत?"

"आम्ही सगळ्यांनी. रानरक्षकांनीही." डॉक्टरने सुई पुसली. "पाकिटं बंद आहेत, म्हणून तुम्हाला गरज नाही, असं मी ठरवलं होतं."

"ठरवलं होतं" हे शब्द तिने फार सावकाश उच्चारले. या खेपेला भाषा येत नव्हती म्हणून नव्हे.

*

सिरिल बटाटे सोलत होता. बायकोने सांगायला सुरुवात केली तसा त्याचा सुरीचा हात थांबला. सगळं ऐकून घेतल्यावर त्याने उरलेला बटाटा सोलला, पाण्यात टाकला आणि मग सुरी खाली ठेवली.

"किती सुया?"

"सहा."

"बस? मला चौदा होत्या. त्याही पोटात."

ही त्याची नेहमीची फुशारकी. सहा वर्षांपूर्वी त्यांची बारोन नावाची गाय चरायचं सोडून तोंडातून लाळ गाळत उभी राहिली होती. घशात काहीतरी अडकलंय असं समजून सिरिलने कोपरापर्यंत हात तिच्या तोंडात घातला. अडकलेलं काहीच नव्हतं. मग ती हंबरायला लागली, घोगऱ्या, फुटक्या आवाजात. तीन दिवस. पाण्याची बादली पुढे केली की तिचा गळा आतल्या आत पिळवटायचा. तिसऱ्या दिवशी रानरक्षक ओनेझिमने येऊन गोळी घातली. सिरिलला त्याच संध्याकाळी खालच्या शहरात इस्पितळात नेलं. तेव्हापासून तो चौदा सुयांच्या गमती सांगत आला होता. गाईचा आवाज मात्र त्याने कधी काढून दाखवला नव्हता.

"मी गावच्या अध्यक्षाकडे जातो," तो म्हणाला. "गावच्या सभेत तो काय म्हणाला होता? एका जरी माणसाला धक्का लागला तरी परवानगी बंद. तुझ्या त्या उत्तरेकडच्या बाईला उद्याच्या उद्या तिची डोकी उचलून घेऊन जायला सांगतो."

"ती स्वतःच सांगणार आहे."

"ती? कशाला सांगेल? तिची दहा वर्षांची मेहनत आहे म्हणे."

"मला म्हणाली, उद्या संध्याकाळी सगळ्यांसमोर सांगते."

सिरिलने बायकोकडे पाहिलं. मग उठून तिच्यासाठी ताट मांडलं. रोज ती मांडायची.

त्या दिवशी ल्युदिविनने आपला पेला वेगळा ठेवला. अंथरूण मागच्या खोलीत घातलं. सिरिल दारात येऊन उभा राहिला.

"हा काय प्रकार?"

"चावले बिवले तर?"

"तीस वर्षं चावतेच आहेस," तो म्हणाला आणि तिची उशी काखोटीला मारून परत नेली.

*

गावच्या सभागृहात पस्तीस-चाळीस शिकारी जमले होते. डोकी रानात नेऊन ठेवायचं काम त्यांचं. भिंतीवर डॉक्टरचा नकाशा होता, दोन्ही उतारांवर लाल ठिपके. दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं होतं.

डॉक्टर नकाशापुढे उभी राहिली आणि नकाशाबद्दल बोललीच नाही. काल काय झालं ते तिने सांगितलं. हातमोजे, पिन, अंगठा. बायकांना आधी लस द्यायला हवी होती, दिली नाही, ही चूक माझी, असं म्हणाली. उंदरांचंही सांगितलं. ते यापूर्वी गावात कुणाला माहीत नव्हतं.

सभागृहात बूट घासल्याचे आवाज झाले.

"संपलं तर मग," अध्यक्ष म्हणाला. जाडजूड, द्राक्षमळ्यांचा मालक, शब्दाचा पक्का. "मी म्हणालो होतो ते म्हणालो होतो. उद्या ल्युदिविनला काही झालं तर मी सिरिलला काय तोंड दाखवू?"

सगळ्यांनी माना वळवून सिरिलकडे पाहिलं. तो शेवटच्या बाकावर हाताची घडी घालून बसला होता. ल्युदिविनला त्याचा स्वभाव माहीत होता. तिने डोळे मिटून घेतले.

"तुझं तोंड आम्ही रोज बघतो, त्याचं काय एवढं," सिरिल म्हणाला. थोडी हसाहस झाली. "माझी गाय मेली तेव्हा तू काय केलंस? कोल्ह्याच्या शेपटीमागे बक्षीस लावलंस. शेपट्या आल्या. रोग गेला? ही बाई निदान काहीतरी करतेय. आणि चुकली तर चुकले म्हणतेय. आपल्याकडे हे कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही." त्याने घसा साफ केला. "पण मला काय विचारता? पिन तिला टोचलीय."

आता माना ल्युदिविनकडे वळल्या. ती दुकानात दिवसभर बोलायची, पण सभेत कधी बोलली नव्हती. ती उभी राहिली नाही.

"माझ्या अंगात गेलं ते गेलं," ती म्हणाली. "ते काय करतं ते तीन महिन्यांनी कळेल. कोल्हे तोवर थांबणार आहेत का? आता डोकी नाही टाकली तर मी उगाचच टोचून घेतली असं होईल." मग तिने बाकावरची पिशवी उचलली. "आणि चार हजार डोकी माझ्या दुकानात ठेवायला जागा नाही."

अध्यक्षाने आधी डॉक्टरकडे, मग नकाशाकडे पाहिलं. "हातमोजे," तो शेवटी म्हणाला. "जो हातमोजे घालणार नाही त्याने घरी बसायचं."

*

ल्युदिविनला जाण्याची गरज नव्हती. पण दुसऱ्या दिवशी पहाटे ती ओनेझिमच्या जुन्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसली होती, मागे पोत्यांत साठ डोकी. ओनेझिम तोर्ने साठीला आलेला. वडीलही रानरक्षक. बोलायचा तो प्राण्यांशीच, माणसांशी नाही, असं त्याची बायको म्हणायची.

वरच्या रानात रात्री बर्फ भुरभुरलं होतं. दोघं उतारावरून आडवे चालत होते, पन्नास पावलांवर एक डोकं. ओनेझिम जागा दाखवायचा. या मुळाखाली. त्या पडलेल्या खोडाच्या काठावर. इथे नको, इथून हरणंच जातात. ल्युदिविन जाड मोजे घातलेल्या हाताने डोकं काढून ठेवायची, वर चार पानं सारायची. बर्फावर ते लाल तुरे फार ठळक दिसत होते.

"चाळीस वर्षं कोल्ह्याला मी छर्ऱ्यांशिवाय काही दिलं नाही," ओनेझिम म्हणाला. "आता जेवण वाढतोय."

दुपारपर्यंत पोती रिकामी झाली. ते गवताच्या एका जुन्या कोठारात टेकले. राय धान्याच्या भाकरीवर त्यांनी चीज ठेवलं, थर्मासमधली कॉफी वाटून घेतली. फळ्यांच्या फटीतून खालच्या रानातली झाडं नसलेली उघडी पट्टी दिसत होती. पट्टीच्या कडेला लार्चचं एक झाड होतं, सोनेरी झालेलं, आणि त्याच्या मुळाशी शेवटचं डोकं. ल्युदिविनचा दंड ठणकत होता. अंगठ्यावरची पट्टी तिने सकाळी बदलली होती. जखम साधी होती, लालीही नव्हती. तिला ते साधेपणच खुपत होतं.

"एवढ्याशा पाण्यात काय असतं रे?" तिने विचारलं. "पाकिटात बघितलं तर चमचाभरही नाही."

ओनेझिमची नजर खालच्या पट्टीवर खिळली होती. त्याने तिच्या बाहीला हात लावला.

कोल्हा पट्टीच्या वरच्या अंगाने येत होता. भर दुपारी. ल्युदिविन फटीपासून मागे सरकली, कारण दिवसाढवळ्या हिंडणारा कोल्हा म्हणजे काय ते दरीत सगळ्यांना ठाऊक होतं. पण ओनेझिमने मान हलवली. नाही. हा नीट आहे. चाल बघ.

चाल खरोखरच बघण्यासारखी होती. मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशात नेमका पडत होता, बर्फावर जणू दोनच पायांचं जनावर चाललेलं. लार्चपाशी येऊन तो थबकला. वारा त्याच्याकडून यांच्याकडे होता. त्याने मान तिरकी केली, पानं एका पंजाने बाजूला सारली, आणि डोकं उचललं.

तो पळून गेला नाही. तिथेच बसून त्याने ते दाढांमध्ये धरलं आणि चावला. त्या शांततेत हाड फुटल्याचा आवाज कोठारापर्यंत आला. मग कोल्हा एकदम थांबला. चव अनोळखी असावी. त्याने मान झटकली. ल्युदिविनने फटीला डोळा लावला. थुंकला तर गेलं.

त्याने ओठ चाटले. पुन्हा चाटले. ल्युदिविनची जीभ तिच्याही नकळत तिच्या टाळूला लागली.

मग तो सावकाश खात राहिला, तुऱ्यासकट. आणि तिच्या मनात आलं की, हे जे आत्ता त्याच्या तोंडात उतरतंय तेच माझ्या अंगात आहे. रानातलं हे जनावर, ज्याच्या शेपटीला कालपर्यंत बक्षीस होतं, आणि मी. इथे तिसरं कुणी नाही. तिला भीती वाटायला हवी होती आणि वाटतही होती, पण भीतीबरोबर आणखी काहीतरी होतं, ज्याला ती नाव देऊ शकली नाही. चर्चमध्ये घंटा वाजताना लहानपणी अंगावर काटा यायचा, तसं काहीसं. इतक्या मोठ्या डोंगरावर, इतक्या मोठ्या रोगापुढे, एवढासा थेंब. आणि कोल्ह्याला त्यातलं काहीही माहीत नव्हतं.

कोल्हा उठला, बर्फाला तोंड घासलं आणि आला तसा निघून गेला.

ओनेझिमने टोपी काढली होती. कधी काढली ते तिने पाहिलं नव्हतं.

"असलं कधी बघितलं नव्हतं," तो म्हणाला. बराच वेळ त्याने ती डोक्यावर ठेवली नाही.

*

मग वाट बघणं आलं. तिसऱ्या दिवशी इंजेक्शन, सातव्या दिवशी, चौदाव्या. रोज सकाळी उठल्यावर ल्युदिविन नळाखाली पेला भरायची आणि तोंडाला लावण्याआधी त्याच्याकडे बघत उभी राहायची. पाणी घशाखाली उतरलं की पेला खाली ठेवायची. सिरिल त्या वेळी हटकून बुटांच्या नाड्या बांधत असायचा. एका बुटाला त्याला एवढा वेळ कधी लागत नसे.

दुकानात गिऱ्हाईक कमी झालं. दोघीतिघी बायका शेजारच्या गावात जाऊन कोंबडी आणू लागल्या. एदमेने भर रस्त्यात त्यांना गाठून विचारलं, "काय गं, तिकडच्या कोंबड्या काय शिकलेल्या असतात?" त्या परत आल्या, पण पैसे देताना ल्युदिविनच्या हाताला हात लागू देत नव्हत्या.

नोव्हेंबर सरत आला तेव्हा एका सकाळी डॉक्टर दुकानात आली. ओनेझिमने मारून आणलेल्या कोल्ह्यांचं रक्त तपासून झालं होतं. आठपैकी पाच जणांच्या रक्तात लस लागू पडल्याची खूण होती. हे सांगताना तिचा चेहरा उजळायला हवा होता. उजळला नाही. तिने आपल्या हाताने दुकानाचं दार लोटलं आणि पिशवीतून एक कागद काढून संगमरवरी फळीवर ठेवला.

ल्युदिविनने सुरी पुसून बाजूला ठेवली. कागदावर आकडेच होते. तिने फळीची कड धरली.

"सरळ सांगा."

"हा तुमच्या रक्ताचा पहिला नमुना. अंगठ्याला टोचलं त्या दिवशीचा. मी इंजेक्शन देण्याआधी घेतलेला."

"हं."

"यात प्रतिपिंडं आहेत."

"ती चांगली का वाईट?"

"चांगली. रोगाचा विषाणू आला की त्याला ओळखून अडवणारं द्रव्य. कोल्ह्यांच्या रक्तात मी जे शोधत होते, तेच." डॉक्टर एकेक शब्द जोखत होती. "पण शरीराला ते तयार करायला आठवडा, दहा दिवस लागतात. आणि तुमचं रक्त मी पिन टोचल्यावर अर्ध्या तासाच्या आत घेतलं होतं."

ल्युदिविनने बोटांवर दिवस मोजले. तिला हिशेब कळला होता, पण तो खरा वाटत नव्हता.

"मग आलं कुठून?"

डॉक्टरने फळीवरचा तिचा हात उचलला आणि तळवा वर करून उजेडात धरला. बोटांवर चोचींचे ओरखडे होते, सुरीचे जुने वण, थंडीने उललेल्या भेगा. कोंबड्या कापणाऱ्या बाईचा हात.

"इथून. पहिल्या आठवड्यातच केव्हातरी. एखादं पाकीट झिरपत असणार. तुम्हाला कळलंही नसेल."

पहिला आठवडा. ल्युदिविनने आठवून बघितलं तरी त्यात काही सापडेना. त्या आठवड्यात त्या सहाजणी गाणी म्हणत होत्या. एदमेच्या जावयावरून वाद झाला होता. एक दिवस कुणीतरी अक्रोडाचा केक आणला होता. त्यातल्याच कुठल्याशा दुपारी ते तिच्या बोटातून आत शिरलं, आणि आतल्या कुणीतरी उठून त्याला दारातच गाठलं, ओळखून ठेवलं, तिला हाकही न मारता. ती केक खात होती. घरी येऊन झोपली होती. पाच आठवडे ती रोज सकाळी पाण्याच्या पेल्यापुढे उभी राहिली, तेव्हा आत सगळं केव्हाच आटोपलेलं होतं.

"म्हणजे रानातल्या कोल्ह्यांच्या आधी?" तिने विचारलं.

"कोल्ह्यांच्या आधी. माझ्या माहितीत, कुणाही माणसाच्या आधी."

बाहेर दुधाची गाडी गेली. दोघीही तिच्याकडे बघत राहिल्या, ती वळणाआड जाईपर्यंत.

"मला आनंद व्हायला हवा," डॉक्टर म्हणाली. "होत नाहीये. बंद पाकिटांचा धोका नाही, असं मी लिहून दिलं होतं. तुमच्या जागी एखादी गरोदर बाई असती तर? एखादी आजारी, जिच्या शरीराला हे जमलं नसतं? तुमचं शरीर शहाणं निघालं, त्यात माझं काही नाही. मी हे सगळं लिहिणार आहे. बाकीच्या पाचजणींचंही रक्त तपासायचंय. यापुढे आधी लस, मग काम."

"पुढच्या वेळी डोकी आहेतच का?"

"वसंतात. दुप्पट."

"मग कातडी सोडवायला शिकवणार कोण?" ल्युदिविन म्हणाली.

डॉक्टरने तिचा हात अजून सोडला नव्हता. आता तिच्या ते ध्यानात आलं, पण घाईने सोडला नाही. ती त्या हाताकडे बघत होती, आपण एवढी वर्षं जे काचेखाली शोधलं ते मसाल्याचा आणि पिसांचा वास येणाऱ्या एका तळव्यात असावं, तसं.

"आज आणखी थोडं रक्त देणार?"

ल्युदिविनने बाही वर केली. नळीत रक्त चढत गेलं, गडद, साधं, दुकानात रोज दिसणाऱ्या रक्तापेक्षा वेगळं असं काहीच नाही. तरी ती मान न वळवता बघत राहिली.

डॉक्टरने चिठ्ठी काढली. वर तारीख घातली.

"माझं नाव लिहिता?"

"नाव नसतं. असंच लिहितो आम्ही." तिने लिहिलेलं दाखवलं. स्त्री, ५१.

"बावन्न," ल्युदिविन म्हणाली.

डॉक्टरने वर पाहिलं.

"मंगळवारी झाले. सिरिलने केक केला होता. मधे कच्चा राहिला."

डॉक्टरने आकडा खोडला, शेजारी नवा लिहिला, आणि चिठ्ठी चिकटवून खोका उघडेपर्यंत नळी तिच्याकडे धरायला दिली. काच कोमट होती. ल्युदिविनने तिच्याभोवती मूठ मिटली.